गरोदरपणातली तपासणी आणि समुपदेशन: नव्या नर्ससाठी पायरीपायरीने

सगळं सुरळीत असलं तरी चाळीस आठवड्यांच्या गरोदरपणात बाई तुमच्यासमोर जेमतेम आठ-दहा वेळा येते. दर वेळची वीस मिनिटं धरली तर सगळे मिळून तीनेक तास. उरलेला सगळा वेळ तिच्यावर लक्ष ठेवायला ती स्वतःच असते. म्हणून तपासणीच्या टेबलावरची कामं दोनच: ती समोर असताना जे मोजायचं ते अचूक मोजणं, आणि घरी काय ओळखायचं व ओळखल्यावर काय करायचं हे तिच्या डोक्यात पक्कं बसवणं. पहिलं काम शिकवलेलं असतं, पण गर्दीत बिघडतं. दुसरं बहुतेक वेळा पत्रक हातात देऊन उरकलं जातं.

जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ची शिफारस किमान आठ भेटींची आहे: पहिली १२ आठवड्यांपर्यंत, मग २०, २६, ३०, ३४, ३६, ३८ आणि ४० व्या आठवड्यात. शेवटच्या भेटी जवळजवळ का, तर बीपी वाढणं, बाळाची वाढ खुंटणं, बाळ आडवं किंवा पायाळू राहणं या गोष्टी तेव्हाच जास्त उघड होतात.

पायरी १: तारीख पक्की करा

शेवटच्या पाळीचा पहिला दिवस विचारा. बऱ्याच जणी पाळी संपल्याची किंवा चुकल्याची तारीख सांगतात, तेव्हा उलटून एकदा खात्री करा. त्या दिवसात ९ महिने आणि ७ दिवस मिळवले की प्रसूतीची अपेक्षित तारीख येते. पाळी १० मार्चला आली असेल तर १७ डिसेंबर. तेच २८० दिवस मोजून काढलं तर १५ डिसेंबर येतं. महिने लहानमोठे असल्याने एवढा फरक पडतो आणि त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते पाळी किती दिवसांनी येते हे न विचारल्याने. हा हिशेब २८ दिवसांच्या चक्राचा आहे. ३५ दिवसांनी पाळी येत असेल तर तारखेत ७ दिवस वाढवा.

पाळी अनियमित असेल, स्तनपान चालू असताना दिवस गेले असतील, गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच थांबवल्या असतील किंवा तारीख आठवतच नसेल, तर पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी हाच आधार. १४ आठवड्यांच्या आत गर्भाच्या डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजून काढलेली तारीख सर्वांत भरवशाची. ती एकदा ठरली की नंतरच्या सोनोग्राफीवरून बदलायची नाही. तिसऱ्या तिमाहीत बाळ लहान दिसलं म्हणून तारीख पुढे ढकलली, तर वाढ खुंटलेलं बाळ कागदावर नॉर्मल ठरतं.

आधीच्या बाळंतपणांची नोंद करताना जुळ्यांपाशी हमखास गोंधळ होतो. एकदा जुळी झाली, एकदा गर्भपात झाला आणि आता पुन्हा दिवस गेलेत, अशा बाईची नोंद ग्रॅव्हिडा ३, पॅरा १, अबॉर्शन १, लिव्हिंग २ अशी होते, म्हणजे दिवस गेले तीनदा, बाळंतपण एक, गर्भपात एक, जिवंत मुलं दोन. जुळ्यांचं बाळंतपण एकच मोजायचं. आकड्यांवर थांबू नका. सिझेरियन का झालं, बाळ किती आठवड्यांचं आणि किती वजनाचं होतं, बाळंतपणानंतर रक्तस्राव जास्त झाला का, बीपी वाढलं होतं का, पोटात बाळ दगावलं होतं का, हे एकेक करून विचारा. आधीच्या खेपेला प्रीएक्लॅम्पसिया (गरोदरपणात बीपी वाढून इतर अवयवांवर ताण येणारा आजार) झाला असेल, किंवा जुनं हाय बीपी, मधुमेह वा किडनीचा आजार असेल, तर ती माहिती त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोचायला हवी. अशा बाईला कमी मात्रेची ॲस्पिरिन द्यायची ठरली तर ती १२ आठवड्यांनंतर, शक्यतो १६ आठवड्यांच्या आत सुरू करतात. तिसाव्या आठवड्यात हा इतिहास सापडून फारसा उपयोग नसतो.

चालू औषधांची यादी घ्या, त्यात दुकानातून परस्पर आणलेली आणि जडीबुटीची औषधंही धरा. फिटच्या, बीपीच्या, रक्त पातळ करण्याच्या आणि मुरुमांच्या काही गोळ्या गर्भाला धोकादायक असतात. पण फिटची गोळी तिने मनानेच बंद केली तर झटके येऊन आई आणि बाळ दोघांवर बेततं. तेव्हा निरोप असा द्या: "आज डॉक्टरांना दाखवल्याशिवाय स्वतःहून काही बंद करू नका, काही सुरूही करू नका."

पहिल्या भेटीत पाच मिनिटं तरी बाईशी एकटीशी बोला. सोबत आलेल्यांना बाहेर थांबवायला 'वजन-लघवीची तपासणी' हे निमित्त पुरतं. घरी कुणी मारतं, धमकावतं का, आणि गेल्या महिन्यात सतत उदास, हताश वाटलं का, कशातच रस वाटेनासा झाला का, हे प्रश्न चारचौघांत विचारण्याचे नाहीत. विचारल्यावर उत्तराची वाट पाहा. लिहीत लिहीत विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर मिळत नाही.

पायरी २: बीपी घाई न करता

पहिल्या भेटीतलं बीपी सोन्यासारखं असतं, कारण गरोदरपणाच्या मध्यावर ते नैसर्गिकरीत्याच थोडं उतरतं आणि शेवटी पुन्हा चढतं. २० आठवड्यांआधीचा आकडा हाताशी नसेल, तर ३२ व्या आठवड्यातलं १४४/९२ हे जुनं दुखणं की नवं, हे सांगता येत नाही.

आधी लघवीला जाऊन येऊ द्या. मग पाठ टेकून, पाय जमिनीवर, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं बसवा. दंड उघडा, घट्ट बाही वर सरकवली तर तीच आवळपट्टी होते. हात टेबलावर हृदयाच्या पातळीत हवा. हात खाली लोंबकळत असेल तर हृदयाच्या खाली दर १० सेंमीला साधारण ८ मिमी (पाऱ्याचे, म्हणजे बीपीचे) वाढीव दिसतात. उलट, डाव्या कुशीवर झोपवून वरच्या हातावर बीपी घेतलं तर ते खोटं कमी येतं. हे दुसरं जास्त घातक, कारण आकडा बघून सगळे निर्धास्त होतात.

कफमधली रबरी पिशवी दंडाभोवती निदान ८० टक्के फिरली पाहिजे. दंडाचा घेर ३३ सेंमीच्या वर असेल तर मोठा कफ घ्या. लहान कफ आकडा वाढवून दाखवतो. कफची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन-तीन सेंमी वर ठेवा. मनगटाची नाडी लागेनाशी होईपर्यंत हवा भरा, त्यापुढे २०–३० मिमी, मग स्टेथोस्कोपने कोपराच्या घडीत ऐकत सेकंदाला २ मिमीच्या वेगाने सोडा. खालचा आकडा म्हणजे आवाज पूर्ण बंद होतो तो. आवाज शून्यापर्यंत ऐकू येतच राहिला तर तो जिथे मंदावला तो आकडा घ्या आणि तसं लिहा. दहाच्या पटीत गोल करण्याची सवय मोडा: ८८ चे ८० किंवा ९२ चे ९० करू नका. एखाद्या दिवशीच्या सगळ्या कार्डांवर १२०/८० असेल तर त्या दिवशी बीपी कुणी मोजलेलंच नाही, हे उघड आहे. स्वयंचलित यंत्र वापरत असाल तर ते गरोदर बायकांवर तपासून प्रमाणित केलेलं आहे ना ते पाहा. प्रीएक्लॅम्पसियात बरीच यंत्रं कमी दाखवतात.

१४०/९० किंवा त्याहून जास्त, निदान चार तासांच्या अंतराने दोनदा आलं तर ते हाय बीपी. वरचा आकडा १६० किंवा खालचा ११० झाला तर चार तास थांबायचं नाही: १५ मिनिटांत पुन्हा घ्या, तोवर डॉक्टरांना बोलावलेलं असलं पाहिजे. अशा बाईला लॅबच्या रांगेत किंवा सोनोग्राफीला एकटीला पाठवू नका. झटका आलाच तर डाव्या कुशीवर वळवा, श्वासमार्ग मोकळा ठेवा, ऑक्सिजन लावा, तोंडात चमचा-कापड काही घालू नका, आणि मॅग्नेशियम सल्फेट (झटके थांबवणारं इंजेक्शन) तयार करायला घ्या. ते चालू असताना प्रत्येक पुढच्या डोसआधी तीन गोष्टी पाहायच्या: गुडघ्याखाली हातोडीने हलकेच मारल्यावर पाय उसळतो का, श्वास मिनिटाला निदान १६ आहेत का, आणि गेल्या चार तासांत लघवी तासाला ३० मिलीपेक्षा कमी तर नाही. यातलं एकही बिनसलं तर डोस थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. मॅग्नेशियमचा उतारा म्हणून १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटची १० मिलीची ॲम्प्यूल उशाशी हवी, कपाटात कुलुपात नको.

पायरी ३: लघवी, वजन, रक्त

लघवीचा नमुना मधल्या धारेचा, जागा धुऊन घेतलेला. अंगावरून पांढरं जात असेल आणि ते नमुन्यात मिसळलं तर प्रोटीन खोटं दिसतं. पट्टीच्या डबीचं झाकण उघडं राहिलं की पट्ट्या दमटतात. रंग डबीवर लिहिलेल्या सेकंदांनीच वाचा. उशिरा वाचला तर गडद दिसतो. १+ किंवा जास्त आलं की कळवा. नाही आलं म्हणून प्रीएक्लॅम्पसिया नाहीच असं मात्र समजू नका, लघवीत प्रोटीन नसतानाही तो असू शकतो.

वजन त्याच काट्यावर, चपला काढून. एकूण किती वाढावं हे सुरुवातीच्या बीएमआयवर (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ठरतं: १८.५ च्या खाली असेल तर १२.५–१८ किलो, १८.५–२४.९ ला ११.५–१६, २५–२९.९ ला ७–११.५, आणि ३० च्या वर ५–९ किलो. शेवटच्या महिन्यांत आठवड्यात एकदम किलोभर किंवा जास्त वाढलं तर आहारावर भाषण देण्याआधी बीपी घ्या.

रक्ताच्या पहिल्या तपासणीत हिमोग्लोबिन, रक्तगट व आरएच, साखर, एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी. बाई आरएच निगेटिव्ह असेल तर कार्डावर लाल शाईत लिहा. अँटी-डी (बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिकार तयार होऊ न देणारं इंजेक्शन) २८ व्या आठवड्याच्या सुमारास, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर प्रसूतीनंतर ७२ तासांत. मधेच रक्तस्राव झाला, गर्भपात झाला किंवा पोटाला जोरात मार लागला तरी घड्याळ तिथूनच सुरू होतं. ही गोष्ट तिलाही पाठ हवी, कारण त्या वेळी ती कुठल्या दवाखान्यात असेल सांगता येत नाही.

२४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी. किमान ८ तास उपाशी, ग्लुकोज पाच मिनिटांत संपवायचं, मग दोन तास बसून राहायचं. पायऱ्या चढून आली तर आकडा खाली येतो, उलटी झाली तर चाचणी रद्द. उपाशीपोटी ९२, तासाने १८०, दोन तासांनी १५३ मिलिग्रॅम: यातला एक आकडा गाठला तरी गरोदरपणातला मधुमेह धरतात.

पायरी ४: पोट

पुन्हा एकदा, आधी मूत्राशय रिकामं. भरलेल्या मूत्राशयाने गर्भाशयाची उंची दोन-तीन सेंमी सहज वाढलेली दिसते. २० आठवड्यांनंतर बाईला सपाट उताणी झोपवून ठेवू नका. गर्भाशय मोठ्या शिरेवर दाब देतं, तिला घाम फुटतो, गरगरतं, बीपी पडतं. डोकं थोडं उंच ठेवा, उजव्या कुल्ल्याखाली घडी केलेलं कापड सरकवा. गरगरलंच तर डाव्या कुशीवर करा, मिनिटा-दोन मिनिटांत ठीक होतं.

उंची गर्भाशयाच्या वरच्या टोकापासून ओटीपोटाच्या पुढच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत. टेपचे आकडे खाली वळवून मोजा आणि मग उलटून वाचा, नाहीतर डोळा अपेक्षित आकड्यावर जाऊन थांबतो. २४ आठवड्यांनंतर सेंमी आणि आठवडे साधारण जुळतात. दोनाहून जास्त फरक असेल, किंवा दोन भेटींत उंची वाढलीच नसेल, तर सोनोग्राफीसाठी कळवा.

मग हात चोळून ऊबदार करा आणि तळव्यांनी दाबा, बोटांची टोकं टोचू नका. वर काय आहे, पाठ कोणत्या बाजूला आहे, खाली काय आहे आणि ते हलतं की अडकलंय, या क्रमाने. वर गोल, टणक, हाताने टोलवता येणारं डोकं लागलं तर बाळ पायाळू. ३६ आठवड्यांआधी याची चिंता नको, बरीच बाळं वळतात. ३६ ला मात्र ठरवून पाहा.

ठोके पाठीच्या बाजूला उत्तम लागतात. डॉप्लर (ठोके ऐकवणारं छोटं यंत्र) लावताना दुसऱ्या हाताने आईची नाडी धरा. दोन्ही एकाच तालात चालत असतील तर तुम्ही आईचे ठोके ऐकताय. पूर्ण एक मिनिट मोजा. ११० ते १६० ठीक.

पायरी ५: गोळ्या

लोहाची गोळी लिहून देणं सोपं, घेतली जाणं कठीण. रोज ३० ते ६० मिलिग्रॅम शुद्ध लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड ही नेहमीची मात्रा. वेष्टणावर क्षाराचं वजन असतं की लोहाचं ते पाहा: ३०० मिलिग्रॅम फेरस सल्फेटमध्ये लोह सुमारे ६० मिलिग्रॅमच असतं. कॅल्शियमची गोळी आणि लोह यांत दोन तासांचं अंतर ठेवायला सांगा, चहा-कॉफीही तेवढीच लांब. उपाशीपोटी लोह चांगलं शोषलं जातं, पण मळमळत असेल तर जेवणानंतर किंवा झोपताना घेऊ द्या. थोडी कमी शोषलेली गोळी न घेतलेल्या गोळीपेक्षा बरी. शौचाला काळं होईल हे आधीच सांगून ठेवा. न सांगितल्यामुळे घाबरून गोळ्या बंद करणाऱ्या कमी नाहीत.

'गोळ्या घेताय ना?' असं विचारू नका, उत्तर 'हो'च येतं. 'पाकिटात किती उरल्यात?' असं विचारा. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल, उपचार चालू असेल आणि चार आठवड्यांत एक ग्रॅमही वाढलं नसेल, तर आधी उरलेल्या गोळ्या मोजा, मग डॉक्टरांकडे पाठवा. कारण लोहाची कमतरता नसून थॅलसेमियाचा (आनुवंशिक रक्तविकाराचा) वाहकपणाही असू शकतो.

अंगदुखीला घरातली आयबुप्रोफेन घेऊ नये, विशेषतः २० आठवड्यांनंतर. दारू आणि तंबाखू अजिबात नाही. एवढं पहिल्याच भेटीत.

पायरी ६: शिकवणं

एका भेटीत तीन गोष्टी, जास्त नाहीत. पहिल्या तिमाहीत उलट्या, रक्तस्राव, औषधं. विसाव्याच्या आसपास बाळाची हालचाल, झोपण्याची कूस, बीपीची लक्षणं. छत्तिसाव्याला कळा, पाणी जाणं, निघायचं कधी. बाराव्या आठवड्यात कळांबद्दल सांगितलेलं एकही वाक्य चाळिसाव्यात शिल्लक नसतं.

सांगून झाल्यावर तिच्याकडून वदवून घ्या. 'समजलं का?' हा प्रश्न बाद. त्याऐवजी: "ताई, मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. समजा उद्या रात्री डोकं खूप दुखायला लागलं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर तुम्ही काय कराल?" ती म्हणाली, "गोळी घेऊन झोपेन, सकाळी बघू," तर तिथे थांबून पुन्हा सांगा, वेगळ्या शब्दांत, आणि पुन्हा विचारा. सोबत आलेल्या माणसालाही तोच प्रश्न घाला. रात्री गाडीची सोय बहुधा त्यालाच करायची असते.

हालचालीबद्दल तीन गैरसमज पहिल्यांदा खोडून काढा. शेवटच्या दिवसांत जागा कमी झाल्याने बाळ कमी हलतं, हे खोटं आहे. हालचालीचा प्रकार बदलतो, लाथेऐवजी लोळणं जाणवतं, पण प्रमाण घटत नाही. गार पाणी किंवा गोड खाऊन बाळ हलतंय का पाहत बसणं म्हणजे वेळ घालवणं. आणि घरी आणलेल्या डॉप्लरवर ठोके ऐकू आले म्हणजे बाळ ठीक आहे, असं नाही. संकटातल्या बाळाचेही ठोके चालू असतात. पहिल्या खेपेला हालचाल २० आठवड्यांच्या सुमारास कळते, वार पुढच्या बाजूला असेल तर थोडी उशिरा. २८ नंतर बाळाचा रोजचा ढंग आईला ठाऊक होतो, आणि तो ढंगच खरा मापदंड. शंका आली तर कुशीवर पडून, टीव्ही-मोबाइल बाजूला ठेवून मोजायचं: दोन तासांत १० हालचाली झाल्या नाहीत तर लगेच यायचं, सकाळची वाट न पाहता. कमी वाटतंय म्हणून ती तिसऱ्यांदा आली तरी "पुन्हा आलात?" असा चेहरा करू नका. चौथ्यांदा ती येणार नाही, आणि नेमकी तीच वेळ खरी असू शकते.

२८ आठवड्यांपासून झोपताना कुशीवर. डावी-उजवी चालते. जाग आल्यावर उताणी असल्याचं कळलं तर घाबरायचं नाही, वळायचं आणि झोपायचं.

तातडीने यायची कारणं तिच्या कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहा: अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, थांबत नाही अशी डोकेदुखी, अंधुक दिसणं, छातीखाली उजवीकडे दुखणं, तोंड-हात अचानक सुजणं, ताप, धाप, एकाच पोटरीला सूज व दुखणं, २४ तास पाणीही न ठरणं. एक कारण यादीत बहुतेकदा राहून जातं: पुरळ नसताना तळहात-तळपायांना खाज, रात्री वाढणारी. ती यकृताची असू शकते आणि रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

पायरी ७: फोन आला तर

आधी आठवडे विचारा, मग बाकीचं. ३७ आठवडे व्हायच्या आत ठरावीक अंतराने कळा येत असतील तर पाच मिनिटांच्या अंतराची वाट पाहायची नाही, लगेच बोलवा. दिवस भरलेल्या पहिलटकरणीला, घर जवळ असेल तर, दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्यावर निघायला सांगतात. आधी बाळंतपण झालेलीला त्याआधीच. चालल्याने, कूस बदलल्याने थांबतात त्या बहुधा खोट्या कळा.

पाणी गेलं म्हणाली तर वेळ, रंग, वास विचारा आणि स्वच्छ पॅड लावून यायला सांगा. हिरवं-तपकिरी पाणी म्हणजे बाळाने पोटात शी केलेली, तेव्हा लगेच निघायचं. मायांगात दोरीसारखं काही हाताला लागतंय असं ती म्हणाली तर नाळ बाहेर आली असू शकते: गुडघे व छाती जमिनीला टेकवून कुल्ले उंच करायला सांगा, नाळेला हात लावू देऊ नका, ॲम्ब्युलन्स मागवा आणि फोन चालू ठेवा.

रक्त जात असेल तर किती पॅड भिजले, दुखतंय का, बाळ हलतंय का, हे विचारून बोलावून घ्या. ती आल्यावर वार खाली नाही हे सोनोग्राफीने कळेपर्यंत आतून तपासणी कुणालाही करू देऊ नका. खाली असलेल्या वारेला बोट लागलं तर रक्त आवरत नाही. डाव्या कुशीवर ठेवा, दोन शिरांत जाड सुया (सलाइनसाठी) लावा, रक्तगट व क्रॉसमॅचला (जुळणारं रक्त पाहण्याच्या तपासणीला) रक्त पाठवा, आणि भिजलेले पॅड टाकू नका, वजन करा. कोरड्या पॅडचं वजन वजा केल्यावर १ ग्रॅमला १ मिली रक्त. फाइलमध्ये 'बरंच रक्त गेलं' असं न लिहिता मिली आणि वेळ लिहा.